तारमास्तरांचा मुरलेला पेपर

श्रीगोंद्यात मी टिकलो तो तारमास्तरांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मी त्यांची टिंगल करतोय. तसं नाही. त्या माणसाने मला खोली दिली, दोन वेळचं जेवायला घातलं आणि माझी नोकरी वाचवली. नोकरी धोक्यात आणली तीही त्यांनीच, पण ते नंतर.

मी देवगडकडचा. आठवीत शाळा सुटली, दोनतीन गावं फिरलो आणि एकोणिसाव्या वर्षी, सत्तर सालच्या उन्हाळ्यात, श्रीगोंद्याला पेपर टाकायच्या कामावर लागलो. पहाटे पुण्याच्या पहिल्या गाडीने गठ्ठे यायचे, ते उतरवून घ्यायचे, सायकलला लावायचे आणि घरोघर टाकायचे. गाडी यायला जरा उशीर झाला की माझ्या पोटात कळ यायची. वाटायचं, आज गठ्ठा आला नाही तर शेठ आपल्यालाच घालवून देईल. एजंट शेठ वाईट नव्हता, पण स्टँडवरच्या त्याच्या टपरीत उभं राहून तो रोज एकच प्रश्न विचारायचा, "गिऱ्हाईक वाढलं का रे?" ते वाढलं नाही तर काय होणार हे सांगायची गरज नव्हती. देवगडला परत जाऊन काय करायचं हा विचारसुद्धा मला करवत नसे.

तर अशा माझ्यासारख्या पेपरवाल्याला जागा कुणी द्यावी, तर ज्याच्या घरात ताजा पेपर आणायला बंदी होती त्या माणसाने.

पहिल्या दिवशी पत्र्याची पेटी आणि पेपरांची पिशवी घेऊन दारात उभा राहिलो. मास्तर बाहेर आले. उंच, वाळलेले, धोतर, वर जुना खाकी कोट. उन्हाळ्यातही कोट. त्यांनी पिशवीकडे बोट केलं.

"त्यात काय?"

"पेपर. उरलेले."

"आजचे?"

"हो."

"बाहेर. त्या लिंबाला अडकव. चपला पायरीखाली आणि पेपर लिंबाला. आत येताना हात धू."

मी हात धुतले. भाडं विचारलं तर म्हणाले, "दोन रुपये महिना." मला वाटलं थट्टा करताहेत. आतून त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, म्हणाल्या, "थट्टा नाही रे बाबा. आमच्याकडे सध्या एकतीस साल चालू आहे."

तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी कळलं.

मास्तर पोस्टात तारमास्तर होते. सगळी नोकरी तारयंत्रावर कडकट्ट करण्यात गेली. रिटायर झाले त्याच सुमाराला गावातल्या वाचनालयाने जुने पेपर रद्दीत काढले. कापडी बांधणीचे जाडजूड गठ्ठे, एकोणीसशे एकतीसपासून तेहतिसापर्यंतचे. मास्तरांनी ते हातगाडीवर घालून घरी आणले आणि सत्तर साल उजाडण्याची वाट पाहत बसले. कारण पंचांग पुढ्यात घेऊन त्यांनी मेळ घातला होता, की एकतीसचे वार आणि सत्तरचे वार तंतोतंत जुळतात. एक जानेवारीला गुरुवार, तिथेही गुरुवार. मग रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर ओट्यावर बसून ते त्या दिवशीचा, म्हणजे एकोणचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीचा, अंक मोठ्याने वाचायचे. सगळा बोळ ऐकायला जमायचा.

"बातमी मुरली पाहिजे," मास्तर सांगायचे. "कैरी झाडावरून काढली आणि खाल्ली, दात आंबले, पोट दुखलं. तीच मिठात घालून ठेवा. ताज्या बातमीने माणूस नुसता घाबरा होतो, करता काहीच येत नाही. चाळीस वर्षं मुरली की ती बाधत नाही आणि चवही लागते."

मी घाबरट माणूस, मला हे लगेच पटलं. अडचण एवढीच होती की माझं पोट कच्च्या कैऱ्या विकण्यावर होतं.

ओट्याचे नियम कडक. मध्ये खोकायचं असेल तर खाली उतरून खोकायचं. कालचा अंक आज परत वाचला जाणार नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, पुढचं सांगायचं नाही. बोळात कोंडीबा म्हणून एक म्हातारे शेतकरी होते. त्यांनी तो काळ ऐन तारुण्यात पाहिलेला. गोलमेज परिषदेला पुढारी बोटीने निघाले तेव्हा बोळ अगदी भारावून ऐकत होता आणि कोंडीबा सहज बोलून गेले, "काय उपेग न्हाई त्याचा. हात हलवत येनार हायती."

मास्तरांनी चष्मा काढला. "कोंडीबा, उठा."

"आता मी काय केलं?"

"आठ दिवस ओट्यावर यायचं नाही."

"आवं पर ते झालंय! समद्या दुनियेला ठावं हाय!"

"बोट अजून एडनलासुद्धा पोचलेली नाही," मास्तर म्हणाले.

कोंडीबा गेले खरे, पण लांब नाही. आठ दिवस समोरच्या गोठ्यात म्हशीला कोरडा चारा टाकत बसायचे आणि कान ओट्याकडे.

भावांच्या बातम्यांना मात्र सगळ्यांत जास्त रंग चढायचा. मंदीचा काळ, रोज कशाचा ना कशाचा भाव उतरलेला. बाहेर सत्तर-एकाहत्तर साली महागाईने आणि कोरड्या पावसाळ्याने माणसं जेरीला आलेली आणि ओट्यावर मास्तर खणखणीत आवाजात वाचताहेत, "ज्वारी, रुपयास सोळा शेर. बाजारात उठाव नाही."

सदू शिंपी मांडी थोपटायचा. "सोळा शेर! आन् लोक रडत्यात?"

"रडत्यात म्हंजे?" कोंडीबा उसळायचे. "मी रडलो की रं. पोती भरून दौंडच्या बाजाराला गेल्तो. कुनी हात लावंना. तशीच माघारी आनली, गाडीचं भाडं अंगावर. स्वस्ताईनं मानूस मरतं, तुला न्हाई कळायचं."

"मला महागाईनं मरायचं कळतंय. तेवढं बास हाय."

"दोघांचंही खरं आहे," मास्तर म्हणायचे. "पुढे वाचू?"

ह्या भावांपायी घरात मात्र काकींचे हाल. मास्तर बाजाराला पैसे द्यायचे ते पेपरात वाचलेल्या भावाने. काकी पदर खोचून म्हणायच्या, "ह्यांच्या हिशेबानं रुपयात महिन्याची ज्वारी यायला हवी. आणायला बैलगाडी सांगू का?" मग पेन्शन हाती आली की गुपचूप कोटाच्या खिशातून वरचे काढून घ्यायच्या. मास्तरांना हे माहीत होतं असं मला वाटतं. कोट ते खुंटीला टांगायचे तेव्हा खिसा बाहेरच्या बाजूला ठेवायचे.

करमणुकीचं सदर शनिवारी असायचं. एका शनिवारी जाहिरात आली, पडद्यावरची माणसं आता बोलू लागली, चमत्कार पाहण्यास या. हौसाबाई भाजीवाली पुढ्यातच बसलेली. तिने आयुष्यात तंबूतले सिनेमे रगड पाहिले होते, पण तिने हनुवटीला हात लावला.

"बोलतं? पडद्यावरचं मानूस?"

"बोलतं आणि गातंसुद्धा," मास्तर म्हणाले.

"आन् आपन बोल्लेलं त्येला ऐकू जातं का?"

मास्तरांनी अंक पुन्हा नीट पाहिला. "तसं काही छापलेलं नाही."

योगायोगाने त्याच आठवड्यात गावाबाहेर सिनेमाचा तंबू लागला. अख्खा बोळ गेला. चित्र कुठलंतरी जुनंच, चार वेळा येऊन गेलेलं. दिवे गेले, पडद्यावर नायक आला, त्याने तोंड उघडून "आई" म्हटलं आणि आमच्या बोळाने जो टाळ्यांचा कडकडाट केला! सदूने टोपी उडवली. हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी. बाकी तंबू आमच्याकडे वळून पाहायला लागला. तंबूवाला धावत आला, त्याला वाटलं मशीन बिघडलं. मास्तर उभे राहून त्याला म्हणाले, "तुमचं अभिनंदन. आवाज अगदी स्पष्ट येतो." तो बिचारा नमस्कार करून गेला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तो आवाज पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखा वाटला.

फेब्रुवारीत भलताच पेच आला. एकाहत्तर साल लागलं होतं, ओट्यावर बत्तीस. बत्तीसला एकोणतीस फेब्रुवारी होती आणि आमच्या एकाहत्तरला नव्हती. मास्तरांचं जेवणातलं लक्ष उडालं. "एका अख्ख्या दिवसाच्या बातम्या टाकून द्यायच्या? त्या दिवशी कुणी जन्माला आलं असेल, कुणाला नोकरी लागली असेल."

"मग दोन अंक एका दिवशी वाचा," काकी म्हणाल्या.

"अजीर्ण होईल."

शेवटी बोळाची बैठक बसली आणि ठरलं की आमच्या बोळात सोमवारी एकोणतीस फेब्रुवारी पाळायची. एक मार्च मंगळवारी येईल. हौसाबाई म्हणाली, "आमाला काय, बाजार वारावर भरतो, तारखंवर न्हाई." तेव्हापासून आमचा बोळ साऱ्या गावाच्या एक दिवस मागे चालू लागला. सदू शिंप्याला हे फारच मानवलं. कपडे एक दिवस उशिरा द्यायचा आणि गिऱ्हाइकाशी भांडायचा, "आमच्यात आज दहाच तारीख हाय." काकी म्हणाल्या, "चला, माझं वय तेवढंच एका दिवसानं लांबलं."

माझी मात्र ओढाताण व्हायची. पहाटे स्टँडवर ताज्या शाईचा वास, ताजी तारीख, हातात सगळं कच्चं. संध्याकाळी घरी आलो की एक दिवस आणि एकोणचाळीस वर्षं मागे. जाहिराती मास्तर मला वाचायला लावायचे. शक्तिवर्धक गोळ्या, केसांचं तेल, ग्रामोफोनच्या तबकड्या. मी अडखळायचो, हेल कोकणी, लोक हसायचे. मास्तर म्हणायचे, "हसू द्या. स्वल्पविरामाला थांब, पूर्णविरामाला श्वास घे. तार अशीच वाचतात." शाळेने जे सोडून दिलं होतं ते अशा रीतीने केशवर्धक तेलावर पुरं झालं.

आणि ह्या सगळ्याचा परिणाम काय, तर माझ्या लाइनीतल्या त्या एका मोठ्या बोळात माझं एकही गिऱ्हाईक नव्हतं. सदूला म्हटलं, "सदूभाऊ, पेपर लावा की."

"कशाला? आमचा चालूय की बत्तीसचा. दोन दोन पेपर कोन वाचतंय?"

हौसाबाई तर माझी कीव करायची. "तुज्या पेपरात काय असतंय रं लेकरा? आज येकाला निवडून देत्यात, उंद्या पाडत्यात. आमचा लई भारी हाय. त्यात दलाल हाय."

दलालाचं प्रकरण म्हणजे मंदीत दिवाळं निघालेला मुंबईचा एक कापसाचा दलाल. बोटीवर चढताना लोकांनी पाहिला, उतरताना कुणी पाहिला नाही. केबिनमध्ये नुसते बूट. समुद्रात उडी घेतली की घेणेकऱ्यांना हुलकावणी देऊन पळाला? रोज पेपरात नवा तर्क यायचा आणि अख्खा बोळ त्यापायी दोन तट होऊन भांडायचा.

ह्याच सुमाराला शेठ आमच्या बोळात आला. मनात राग घेऊनच आला. मी त्याच्या मागे सायकल धरून उभा.

"मास्तर, तुम्ही फुकट पेपर वाचून दाखवता. आमच्या धंद्यानं जायचं कुठं?"

"तुमचा माल कच्चा आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "त्यात तुमचा दोष नाही. बसा. दलालाचा एक बूट उलटा होता असं आज निघालंय."

"कसला दलाल?" शेठ म्हणाला आणि टेकला.

तासाभराने शेठ उठला तेव्हा मला म्हणाला, "मला इचारशील तर बूट मुद्दाम ठेवलेत. त्यो जित्ता हाय." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी स्वतःचं बस्कर घेऊन आला. मला वाटलं, सुटलो. पण टपरीत तो शेठच होता. "दलालाचं दलालापाशी," म्हणाला. "दिवाळीपातूर ह्या बोळात वीस घरं लागली पायजेत. वरून दट्ट्या हाय मला. न्हाई जमलं तर मला दुसरा मानूस बघावा लागंल. वाईट वाटून घिऊ नगं."

मास्तरांना हे सांगायचं कसं? ज्याचं मीठ खातो त्याला म्हणायचं, तुमच्या वाचनामुळे माझी नोकरी जाते? जेवण जाईना. पत्र्याच्या पेटीत कपडे घडी करून ठेवायला लागलो. दिवाळी तोंडावर आली तेव्हा एका दुपारी काकींनी पेटी उघडी पाहिली, माझ्याकडून सगळं वदवून घेतलं आणि आत जाऊन मास्तरांना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या ओट्यापायी पोरगं उठून चाललंय."

त्या संध्याकाळी मास्तर ओट्यावर आले, गठ्ठा मांडीवर घेतला आणि उघडलाच नाही. बोळ बसून राहिला. हळूहळू कंदिलाभोवती किडे जमले.

"मास्तर, दलाल?" शेठ हळूच म्हणाला.

मास्तर उठून आत गेले. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच. सदूने नाडी पाहायला वैद्य आणायचं काढलं. काकींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "त्यांना ताजा पेपर का चालत नाही, माहीत आहे का तुला? तालुक्यातलं प्रत्येक मरण आधी ह्यांच्या कानात वाजलं. वाजायचं, हे लिहायचे, घडी घालून पाठवायचे. लोक ह्यांना रस्त्यात पाहिलं की दुसऱ्या बाजूने जायचे. आता जरा माणसं दाराशी येऊन बसायला लागली आहेत." आणि त्यांनी चुलीत फुंकर मारली.

तिसऱ्या दिवशी मास्तर गठ्ठा न घेताच बाहेर आले.

"हा जो अंक आपण वाचतो, तो कुणी जपला?"

"वाचनालयानं," सदू म्हणाला.

"म्हणजे कुणीतरी घातलं म्हणून आपण खातो. आपण काय घातलंय? एकाहत्तरची बरणी कुठे आहे आपली? मी मेळ घातला. दोन हजार दहा साली एकाहत्तरचे वार परत जुळतात. तुमची नातवंडं ह्या ओट्यावर बसतील तेव्हा काय ऐकतील? ताजं? पोटं बिघडतील त्यांची."

बोळात चुळबूळ झाली.

"उद्यापासून प्रत्येक घराने एक पेपर घ्यायचा. वाचायचा नाही. घडी मोडायची नाही. तेलाच्या डब्यात घालायचा, वर लिंबाचा पाला, झाकण घट्ट. ज्याला परवडत नाही त्याने दोघांत एक घ्यावा."

"आन् वाचायचा न्हाई म्हंजे न्हाईच?" सदू.

"लोणचं घालताना चाखत बसतोस का?"

हौसाबाई सगळ्यांच्या आधी उठली. "माजं नाव घाला. मी मेथी काय भावानं इकली ते माज्या नातवाच्या नातवाला कळू द्या. मी सांगितलं तर त्येला खोटं वाटंल."

कोंडीबांनी म्हशीकडे पाहून घेतलं आणि म्हणाले, "मलाबी. फकस्त पुढं कुनी म्हातारं मधी बोललं तर त्येला गोठ्यात धाडू नगा."

शेठ माझ्याकडे पाहत होता. धंद्यात त्याने खूप पाहिलं असेल, पण न वाचण्यासाठी पेपर घेणारी गिऱ्हाइकं त्याने पाहिली नव्हती. विसाच्या पुढे मोजायचं त्याने त्या रात्री सोडून दिलं. स्वतःच्या घरचाही एक लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी वेळेवर आली. मी बोळात शिरलो. घरोघरी डबे बाहेर ठेवलेले, घासून लखलखीत केलेले. सगळ्यांना टाकत शेवटी आमच्या घराशी आलो आणि पिशवी सवयीने लिंबाला अडकवायला गेलो. दारात मास्तर उभे होते. कोट घालून, बटणं वरपर्यंत लावून. त्यांनी हात पुढे केला. मान दुसरीकडे वळवलेली.

"आपल्यापैकी कुणाचं काही?" त्यांनी विचारलं.

"नाही मास्तर. सगळे ठीक आहेत."

"नक्की?"

"नक्की. मी पाहिलंय."

त्यांनी पेपर घेतला, छातीशी धरला आणि आत नेऊन डब्यात घातला. मग हात धुतले. पुढे मी तिथे होतो तितकी वर्षं हे रोज असंच चाललं. तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच हात धुणं. त्या डिसेंबरात लढाई झाली, दिवे झाकले गेले, माझे पेपर हातोहात जाऊ लागले. आमचा बोळ मात्र डबे मिटून बसला. सदू रोज दुसऱ्या बोळातल्या पानाच्या ठेल्यामागे चोरून ताजा पेपर वाचताना सापडायचा आणि मला शपथ घालायचा की ओट्यावर बोलू नकोस. दलाल मात्र शेवटपर्यंत सापडला नाही. एके दिवशी पेपरने त्याचं नावच काढायचं सोडलं आणि शेठ आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही.

आज कुडाळच्या स्टँडसमोर माझी स्वतःची पेपरांची टपरी आहे. पहाटे गाडी उशिरा आली तर पोटात अजून कळ येते. मास्तर गेले ते मला तारेने कळलं. तार फार थोडक्यात होती. मी ती स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला श्वास घेऊन वाचली. काकींनंतर घर त्यांच्या भाच्याकडे आहे. तो लिहितो की बोळात डबे अजून आहेत, काही गंजलेत, हौसाबाईच्या सुनेने दोन तांदळाला घेतले, पण बाकीचे कुणी उघडलेले नाहीत.

दोन हजार दहा यायला अजून थोडा वेळ आहे. मी तब्येत सांभाळून आहे. त्या वर्षी, पहिला पेपर डब्यात पडला त्याच तारखेला, मी पुण्याहून पहिल्या गाडीने श्रीगोंद्याला उतरणार, हात धुणार, संध्याकाळी दिवाबत्तीनंतर ओट्यावर बसणार आणि मास्तरांच्या डब्यातला सगळ्यांत खालचा अंक काढून जाहिरातींसकट मोठ्याने वाचणार. ऐकायला कुणी असो वा नसो. त्यांचं एवढं देणं मला फेडायचंच आहे.